मी खोडलेल्या तुमच्या नोंदी

मथुराताई,

तुम्ही गेल्याचं मला टाइम ऑफिसच्या फळ्यावर कळलं. सकाळी कार्ड पंच करायला रांगेत उभा होतो. पुढचे दोघं थांबून काहीतरी वाचत होते, म्हणून मीही वर बघितलं. खडूनं लिहिलं होतं, 'टाइम ऑफिसच्या मथुराबाई यांचे काल निधन झाले.' ते वाचून माझ्या मनात पहिला विचार कुठला आला, ते आधी सांगतो. तो दुःखाचा नव्हता. आता हे कधीच कुणाला कळणार नाही, असा होता. सुटल्यासारखं वाटलं मला. कार्ड मशीनमध्ये घालताना माझी मलाच शिसारी आली.

आणि फळ्यावर तुम्हाला 'टाइम ऑफिसच्या' म्हटलं होतं. तुम्ही कॉम्प्युटर विभागाच्या होतात. टाइम ऑफिसच्या झालात त्या माझ्यामुळे.

मी एडवणच्या वाडीतून, कॉम्प्युटरचा डिप्लोमा घेऊन बोईसरच्या त्या कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यात आलो तेव्हा तुम्ही तिथं जुन्या होतात. टाइपरायटरवर चलनं बडवण्यात तुमची उमेदीची वर्षं गेली होती. कॉम्प्युटरचं मशीन आलं आणि तीन टायपिस्टांपैकी दोघींना दुसऱ्या कामावर पाठवलं. तुम्ही स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणालात, "मला शिकवा. बोटं तीच हायेत." किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून एसटीनं यायचात, वाटेत पामला गाडी बदलायचात आणि माझ्या आधी येऊन बसलेल्या असायचात. मला 'राऊत सर' म्हणायचात. वर्षभरात 'राऊत' झालं. मग एकदा मला ताप असताना तुम्ही डब्यातून पेज आणलीत आणि म्हणालात, "भाऊ, ही गरम हाय तोवर घ्या." त्या दिवसापासून मी भाऊ झालो.

आपल्या डेटाबेसचा सर्व्हर, म्हणजे कारखान्याची सगळी माहिती सांभाळणारा प्रोग्रॅम, चालू होताना एक फाईल वाचायचा. डावीकडे नाव, उजवीकडे आकडा, अशा साठेक ओळी. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, मेमरी किती घ्यायची, उत्तराची वाट किती वेळ बघायची. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरनं ते आकडे भरले आणि तो निघून गेला. आपल्याकडे राहिली दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं. मी ती कपाटात ठेवली. तुम्ही ती बाहेर काढलीत. मुलीचा शाळेचा शब्दकोश शेजारी ठेवून जेवणाच्या सुट्टीत एकेक पान वाचायचात. महिनाभरानं पुस्तक माझ्यासमोर उघडं ठेवून म्हणालात, "भाऊ, ह्यात लिवलंय, अमुकची संख्या म्हणजे अमुक किती असावेत तो आकडा. नाव सांगतं तेच पुस्तक सांगतं. मग पुस्तक कशाला छापलं?"

मी हसलो. पण खरं सांगायचं तर मलाही त्या साठ ओळींपैकी वीसेकच कळत होत्या. बाकीच्यांना मी हात लावत नव्हतो, आणि हात न लावण्याला मी शिस्त म्हणत होतो.

ज्या ओळीच्या सुरुवातीला जाळीसारखं चिन्ह असतं ती सर्व्हर वाचत नाही, ती माणसांसाठी असते, हे मीच तुम्हाला सांगितलं. "माणसांसाठी जागा ठेवलीय तर ती मोकळी का?" असं म्हणालात आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला लागलात.

प्रत्येक आकड्याच्या वर तुमच्या नोंदी. हे काय आहे, आपल्याकडे हाच आकडा का आहे, वाढवला तर काय होतं, कमी केला तर काय होतं. शेवटी तारीख आणि आकडा कुणी बदलला त्याचं नाव. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. एक नोंद मला पाठ आहे: 'एका वेळी तीस जण. आपली टर्मिनल चोवीस. एकदा चाळीस केलं होतं, मेमरी पुरली नाही, चलनं छापायची थांबली. वाढवू नये.' एवढं त्या दोन पुस्तकांत मिळून कुठंही नव्हतं.

इंजिनिअरचा फोन लागावा म्हणून तुम्ही साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसून राहायचात. लागला की कागदावरचे चार प्रश्न विचारायचात. तो वैतागायचा. पण त्यातूनच तुम्ही एक गोष्ट काढलीत जी पुस्तकानं सांगितली नव्हती. डिस्कवरची माहिती हाताशी राहावी म्हणून सर्व्हर जी मेमरी घेतो, तिचा आकडा चार हजार होता. मी तो केबीमध्ये धरत होतो. तो पानांमध्ये होता आणि एक पान दोन केबीचं. तुम्ही नोंद केलीत, 'हा आकडा केबी नाही. पानं आहेत. फसू नये.' मी म्हणालो, "ताई, हे 'फसू नये' कशाला?" तुम्ही म्हणालात, "तुमी फसलात ना? मग पुढचा पण फसंल."

आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका ओळीवरून. एका आकड्याच्या वर तुम्ही लिहिलं होतं, 'हा का ठेवला माहीत नाही. विचारायचं आहे.'

"ताई, फाईलमध्ये 'माहीत नाही' कोण लिहितं?"

"माहीत नाय तर काय लिवू? खोटं?"

"काहीच लिहू नका."

"काहीच नाय लिवलं तर पुढच्याला वाटंल, ह्यांना माहीत होतं."

ती ओळ तशीच राहिली.

मग मुख्य कचेरीतून कॉम्प्युटरचे मोठे अधिकारी यायचं ठरलं. ते फाईल उघडून बघणार होते. मला लाज वाटली, ताई. तुमची नाही म्हणायचं तर खोटं होईल. तुमच्या मराठीची, 'फसू नये'ची, 'माहीत नाही'ची लाज वाटली. आदल्या दुपारी मी तुम्हाला म्हणालो, "नोंदी तात्पुरत्या काढू या." तुमचा चेहरा उतरला, पण तुम्ही भांडला नाहीत. "जुनी फाईल टेपवर ठेवा," म्हणालात. "ते गेले की परत घाला." मी हो म्हणालो. ते आले, चहा प्यायले, फाईल एक मिनिट बघितली आणि गेले. मी नोंदी परत घातल्या नाहीत. तुम्ही दोनदा आठवण केलीत. मी म्हणालो, वेळ मिळाला की. वेळ होता. फाईल सुटसुटीत दिसत होती आणि बघणारा कुणीही म्हणाला असता, ही राऊतची फाईल.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाही.

महिनाभरानं रिपोर्ट संथ निघायला लागले. मला वाटलं, मेमरी वाढवावी. चार हजारचे आठ हजार केले. मनात हिशेब केबीचाच होता, आठ हजार म्हणजे आठ एमबी. पानांची गोष्ट मी साफ विसरलो होतो आणि जिनं आठवण करून दिली असती ती ओळ मीच खोडली होती. मी प्रत्यक्षात सोळा एमबी मागितली होती. मशीनमध्ये इतकी मेमरीच नव्हती. पण ती फाईल सर्व्हर फक्त सुरू होताना वाचतो, म्हणून त्या दिवशी काहीच झालं नाही. मशीन रविवारी बंद करून चालू करू, असं ठरवलं आणि विसरलो. कुठं लिहिलं नाही, तुम्हाला सांगितलं नाही. शनिवारी बहिणीच्या लग्नाला एडवणला गेलो.

मंगळवारी कारखान्याची वीज गेली आणि जनरेटर लागला नाही. तुमच्यावर काय बेतलं ते मला नंतर आपल्या इलेक्ट्रिशियननं सांगितलं. वीज आल्यावर तोच तुम्हाला बोलवायला आला होता. "लाइट आ गई बाई, चालू करो." तुम्ही चालू केलंत. मशीन उठलं, डेटाबेस उठेना. बाहेर ट्रक उभे, चलन छापल्याशिवाय माल गेटबाहेर जाणार नाही. तुम्ही फाईल उघडलीत, एकेक ओळ बघितलीत आणि साहेबांकडे गेलात. तो इलेक्ट्रिशियन म्हणाला, "वो तो बोल रही थी, साहेब, ये नंबर हमारा नहीं है, चार हजार था. साहेब ने हाथ लगाने नहीं दिया."

दीड दिवस ट्रक उभे राहिले. तुम्ही जुना टाइपरायटर काढून चलनं टाइप करत बसलात. इंजिनिअर आला, त्यानं आठ हजारचे चार हजार केले आणि सर्व्हर सुरू झाला. तुम्ही हेच सांगत होतात.

मी गुरुवारी आलो. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. इंजिनिअरचा कागद त्यांच्या हातात होता.

"राऊत, त्या फाईलला कोण कोण हात लावतं?"

"मी आणि मथुराबाई."

"हा आठ हजार कुणी केला?"

माझ्या नोकरीला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. हे कारण म्हणून सांगत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, आकडा लिवलात तर त्याचं 'का' पण लिवा, म्हणून लिहितोय. मी भ्यालो होतो. मी म्हणालो, "बाई फाईलमध्ये नोंदी लिहीत असतात, साहेब. लिहिताना चुकून काही झालं असेल."

नोंदी तर मी महिनाभरापूर्वीच काढल्या होत्या. पण साहेबांना ते कुठून माहीत असणार?

त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. "बाई, आकडा तुम्ही बदलला?"

"नाय साहेब."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागानं नाही. नोंद लिहिताना एखादी गोष्ट अडली की तुम्ही माझ्याकडे बघायचात, तसं. मी सांगेन याची तुम्ही वाट बघत होतात. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. साहेब म्हणाले, "टायपिस्टच्या हातात मशीन दिलं की हेच होणार." सोमवारपासून तुम्ही टाइम ऑफिसच्या खिडकीमागं होतात, कामगारांच्या कार्डांवर शिक्के मारत.

त्यानंतर दोन वर्षं मी रोज सकाळी त्या खिडकीसमोरून गेलो. तुम्ही म्हणायचात, "नमस्कार सर." 'भाऊ' गेलं ते गेलंच. तुम्ही कधी तोंड फिरवलं नाही, कधी टोमणा मारला नाही. फिरवलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडायला तरी जागा मिळाली असती.

आणि त्याहून वाईट मी नंतर केलं. तुमच्यावाचून मला ती फाईल सांभाळता येईना. मग टेपवरून तुमची जुनी फाईल काढली आणि तुमच्या नोंदी एकेक करून इंग्रजीत घातल्या. वर माझं नाव लिहिलं. मुख्य कचेरीला ती इतकी आवडली की दुसऱ्या कारखान्यात तिची प्रत पाठवली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्ही मागच्या रांगेत होतात.

दुसऱ्या दिवशी खिडकीतून तुम्ही विचारलंत, "फाईल तिकडं गेली म्हणं."

"हो."

"ती 'माहीत नाय' वाली ओळ ठेवली?"

"काढली."

"ठेवायची होती, सर. तिकडच्यांना माहीत असंल तर ते सांगतील."

माझ्या मागं रांग होती. भोंगा झाला. मी पुढं सरकलो. ताई, तुम्हाला तुमचं नाव नको होतं, माफी नको होती. तुम्हाला त्या एका आकड्याचं उत्तर हवं होतं. त्या क्षणी मी रांगेतून बाजूला झालो असतो, तर दोन शब्दांचं काम होतं. मी नंतर कितीदा त्या रांगेतून मनातल्या मनात बाजूला झालो, त्याला आता काही अर्थ नाही.

यंदा तर संधी आपण होऊन दारात आली. दोन हजार सालाची धास्ती सगळीकडे आहे, तारखा बदलायच्या, प्रत्येक गोष्ट पुन्हा तपासून लिहून काढायची. साहेब मला म्हणाले, "एखादं माणूस हवं तर सांग." तुमचं नाव माझ्या ओठावर होतं. ते मी घेतलं नाही. तुम्ही परत आलात तर दिवसभर समोर बसणार, हे मला सोसवणार नव्हतं. पुढच्याच महिन्यात तुम्ही आजारी पडलात. पालघरच्या दवाखान्यात ठेवलंय असं कळल्यावर मी एका दुपारी शहाळी घेऊन फाटकापर्यंत आलो. तुमचे यजमान नथूभाऊ बाहेर बाकावर बसले होते, खाली बघत. मी शहाळी घेऊन तसाच मागं फिरलो.

तुमच्यामुळे मला काय मिळालं, हे सांगायचा हक्क मी गमावला आहे, तरी सांगतो. विभागात नवीन लागलेली मुलगी परवा म्हणाली, "सर, बाकी कुठली पुस्तकं वाचून काही कळत नाही, तुमची फाईल वाचून कळतं." मी आज जे थोडंफार नीट काम करतो, ते तुमच्या 'का'मुळे करतो. कुठलाही आकडा बदलताना माझा हात थांबतो आणि तुमचा आवाज येतो, कधी कौतुकाचा, पुष्कळदा त्या एका दिवशीचा, "नाय साहेब."

तिला मी सांगितलं, फाईल माझी नाही. पहिल्यांदा तोंडातून निघालं, मग पुढचं सोपं होईल असं वाटलं. झालं नाही.

साहेबांकडे गेलो. "साहेब, तो आठ हजार मी केला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कुठला आठ हजार?"

ते विसरले होते, ताई. तुमची दोन वर्षं गेली आणि ते विसरले होते. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. "आता काय त्याचं, राऊत? बाई गेल्या. त्यांनी कधी तक्रारही केली नाही." मी म्हणालो, "त्यांच्या कागदांत निष्काळजीपणाचा मेमो आहे. तो चुकीचा आहे असं मी लिहून आणलंय." त्यांनी माझा कागद वाचला, घेतला, मेमोसोबत लावायला सांगतो म्हणाले. मला ओरडलेसुद्धा नाहीत. सर्व्हरच्या फाईलवरचं माझं नाव मी काढलं, तुमचं लिहिलं आणि दुसऱ्या कारखान्याला पत्र टाकलं की ही प्रत कुणाची आहे.

मग काल दांडीला आलो. एसटीतून उतरून किनाऱ्याच्या वाटेनं तुमचं घर विचारत गेलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. नथूभाऊ ओट्यावर जाळं घेऊन बसले होते, पण हात चालत नव्हते. मी नाव सांगितलं. ते उठले, मला बसायला चटई दिली. "राऊत सर म्हणजे तुमीच का? ती बोलायची तुमच्याबद्दल. हुशार हाय म्हणायची." त्यानंतर बोलणं फार अवघड झालं. तरी सांगितलं. नोंदी खोडल्या ते, आकडा बदलला ते, केबिनमधलं वाक्य जसंच्या तसं.

ते जाळं ओढून पुन्हा ओट्यावर बसले.

"ती तर म्हणाली, त्या कॉम्प्युटरच्या खोलीत एसीचा गारठा लय असतो, सांधे धरतात, म्हणून मीच बदली मागून घेतली."

तुम्ही घरीही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं, निदान घरी तरी तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडली असतील. त्याचाच मला आतून आधार होता.

"आमाला वाटलं, कंटाळली," नथूभाऊ म्हणाले. "माजी आई तर रोज बोलायची तिला. घरचं काम टाकून शिकलीस, आन शेवटी गेटावर शिक्के मारत बसलीस. दोन वर्सं बोलली. ही गप ऐकून घ्यायची." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "माफी मला मागू नका, सर. मला काय करायचीय? आई आत हाय. तिला सांगा."

"मी सांगू?"

"मग कोण?"

आत अंधार होता, बाहेरच्या उन्हातून गेल्यावर काही दिसेना. तुमच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "कोण हाय? मथुरेच्या कंपनीतला?" मी हो म्हणालो आणि सांगायला लागलो. त्यांनी कानामागं हात धरला. "काय? जोरात बोल."

त्यांना ऐकायला फार कमी येतं, ताई. ओट्यावर शेजारच्या दोन बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला ते सगळं मोठ्यानं सांगावं लागलं, दोनदा.